शेजारणीचा स्लो कुकर आणि माझा मसाला

मैत्रिणींनो, आज मी जळले, तेही एका सँडविचवरून.

ऊर्जानगरातल्या आमच्या क्वार्टरसमोर आज शेजाऱ्यांचं एकत्र जेवण होतं. मी सकाळभर गॅससमोर उभी राहून कोंबडीचा रस्सा केला. शेजारच्या मायाने स्लो कुकरमध्ये चिकनचा खिमा टाकला, बटण दाबलं आणि ती झोपली. दुपारी तिने तो झणझणीत खिमा पावात भरून वाढला.

माझ्या नवऱ्याने तीन सँडविच खाल्ली. “वयनी, असं चिकन मले घरी काऊन भेटत नाई?”

माया हसली. “म्या काई नाई केलं भाऊ, मशीननं केलं.”

तिच्या खिम्यातला मसाला मीच कुटून दिला होता, पण ते तिने सांगितलं नाही. माझ्या रश्श्यातही तोच मसाला होता.

मी नवऱ्याला चौथं सँडविच वाढलं. तुम्ही काय केलं असतं?