डावीकडची झालर

खोटं कशाला बोलू, मोहियोद्दीनभाईंच्या अंगणात ते जनावर पहिल्यांदा दिसलं तवा मला वाटलं, माणसानं म्हशीच्या डोक्याला सूप बांधलंय. हसून हसून पोट दुखलं. हिमायतनगरात चाळीस वर्षं सिमेंटची हरणं न् मोर करणारा माणूस, म्हातारपणी चळला म्हणलं.

म्हैस न्हवती ती. रेणापूरच्या एका शाळेच्या बागेसाठी केलेला शिंगवाला डायनासोर होता. अन् सूप म्हणजे त्याच्या डोक्यामागची हाडाची झालर, कडेनं काटे असलेली. हे खूळ त्यांच्या लेकीचं, बुशराचं. कॉलेजात असल्याच जुन्या हाडांचं वाचायची. बापाला सांगायची, अब्बा, जात एक असली तरी दोघांची झालर सारखी नसती. मोठमोठे शास्त्रज्ञ बी फसले. झालर वेगळी दिसली की नव्या जातीचं बारसं करून मोकळे, अन् मागून कळलं, हे तर एकाच घरातले भाऊबंद. कवा कवा तर एकाच डोक्यावर डावं-उजवं जुळत न्हाई.

म्हणून उजवी बाजू बापानं केली, डावी लेकीनं. डावीकडचा एक काटा तिनं मुद्दाम आखूड ठेवून खाली वाकवला. ओल्या सिमेंटात तिची बोटं उमटली. आठव्या दिवशी ताप आला, अन् पंधरवड्यात बुशरा गेली. बोटं बुजू नयेत म्हणून त्या काट्यावर मोहियोद्दीनभाईंनी रंगाचा अगदी पातळ हात मारला.

शाळेचे भागवतराव टेम्पो घेऊन आले. फिरून फिरून पाहिलं अन् म्हणाले, सगळं झकास, पण हा काटा चुकलाय. छिन्नी मारून उजव्यासारखा करा, मगच नेतो. दारातल्या फरीदाभाभीनं, बुशराच्या आईनं, तोंड उघडलं. तिच्या एका वाक्यानं भागवतराव विरघळले असते. पण मोहियोद्दीनभाईंनी तिच्याकडं नुसतं पाहिलं, अन् ती तोंडाला पदर लावून आत गेली. लेकीचं मरण सांगून काटा वाचवायचा न्हवता त्यांना.

"चुकला न्हाई," ते म्हणाले. "असंच असतंय."

भागवतराव म्हणाले, जनावराला देवानं डावं-उजवं सारखंच दिलंय.

"दावणीला बैल हाय का तुमच्या?"

"हाय की चाचा. अस्सल देवणी जातीचा. पंचक्रोशीत तसा न्हाई."

"दोन्ही शिंगं सारखी?"

भागवतराव मान खाजवू लागले. उजवं जरा खाली उतरलंय म्हणाले, पण ते जन्माचंच हाय.

"मग आधी ते कापून या. तवर मी छिन्नीला धार लावून ठिवतो."

भागवतरावांनी टेम्पोचा मागचा फाळका खाली घेतला. चौघांनी जनावर उचललं. डावी बाजू मोहियोद्दीनभाईंनी कुणाला धरू दिली न्हाई.