निखिल विचारत होता

इडलीचा पहिला घाणा उतरवला, बाल्कनीतली धूळ पुसली, चादरी गच्चीवर वाळत घालून आले... सौदीत, अल-खोबरला आमची शुक्रवारची सुट्टी अशी सुरू व्हायची. मग फोनचं कार्ड खरवडायचं आणि पुण्याला निखिलला फोन लावायचा.

मी फोनपाशी बसले की हे बादली उचलून खाली गाडी धुवायला जायचे. न चुकता.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. निखिल, आमचा एकुलता एक, इंजिनिअरिंग अर्धवट सोडून एका नर्सरीत कामाला लागला होता. "कुंड्या उचलायला शिकवलं का तुला? यापुढे मला फोन करू नकोस," हे म्हणाले होते. त्यानेही केला नाही... दोन वर्षं.

मधे मी. त्याला फोनवर सांगायची, "बाबा विचारत होते, स्वेटर आहे का तुझ्याकडे." हे वर आले की यांना सांगायची, "निखिल विचारत होता, बी.पी.ची गोळी चालू आहे ना." दोघांपैकी कुणीच काही विचारलेलं नसायचं. मला वाटायचं, मी घर धरून ठेवलंय.

एका गुरुवारी दुपारी यांनी जुन्या इंग्रजी सिनेमाची डीव्हीडी लावली. घोडे, गुरं, टोप्या घातलेली माणसं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण यांचे जुने पेपर वाचून वाचून इंग्रजी वाचता यायला लागलं होतं. खालची अक्षरं वाचत, शेंगदाणे सोलत बसले.

मला वाटलं, गोळीबार असेल. अख्ख्या सिनेमात एकच गोळी सुटली... तीही आजारी घोड्यावर. बाकी सगळं एका घरातलं भांडण. बापाची शेकडो गुरं, मुलगा ती सोडून रेल्वेच्या कामावर गेलेला. आणि आई घोडागाडी जोडून दोघांमध्ये ये-जा करणारी. मुलाला म्हणते, बाप तुझी आठवण काढतो. बापाला म्हणते, मुलगा तुमची चौकशी करतो. सगळं मनाचं!

माझे हात थांबले.

शेवटी बाप मरतो. मुलगा येतो तो थेट पुरायलाच. आईला विचारतो, "त्यांनी खरंच कधी विचारलं होतं?" ती मान खाली घालते... संपला सिनेमा.

हे रिमोट शोधत म्हणाले, "या बाईनेच घोळ घातला बघ, मंदा. म्हातारा खुशीत, पोरगं आपली चौकशी करतंय. मग तो कशाला पाऊल उचलेल?"

यांना काहीच माहीत नव्हतं आणि बोलले ते नेमकं माझ्याबद्दल. दोन वर्षं मी दोघांची भूक खोट्यावर भागवत होते... म्हणून तर कुणी ताटावर येत नव्हतं.

"काय झालं? पांढरी पडलीस," हे म्हणाले. मी म्हटलं, "शेंगदाणा खवट निघाला." बघा, तेव्हाही खोटंच.

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आठवण रोज येते, सवयीची झालीय. पण त्या दुपारनंतर आम्हाला चार वर्षं मिळाली. शेवटी दवाखान्यात बी.पी.ची गोळी निखिलच यांच्या हातावर ठेवायचा. त्या सिनेमाचं नाव आठवत नाही... ज्याने काढला त्याला मनातून हात जोडते.

त्या सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. हे बादलीला हात घालायच्या आत मी म्हटलं, "अहो, तो तुमचं कधीच विचारत नाही. मीच मनाचं सांगते." फोन लावला, निखिललाही तेच सांगितलं, आणि रिसीव्हर यांच्या हातात दिला. मग बाहेर जायचा काळा अबाया चढवला, बादली उचलली, खाली जाऊन गाडी धुतली. दोनदा धुतली.