उधाणाच्या दिवशीची मोजणी

समुद्र चढला की किनाऱ्यावरचे कुठले रस्ते आधी बुडतील, हे तपासायचं काम बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली स्वप्नाली गायकवाड करते. खाडीकाठच्या आत्याच्या गावचा रस्ता तिच्याच वाट्याला आला. पाणी कुठवर येतं ते कळावं म्हणून ती मुद्दाम पौर्णिमेच्या उधाणाला गेली. तिथवर बरोबरच होतं. पण पुन्हा खेप नको म्हणून बाईंनी रस्त्यावरची वर्दळही त्याच दिवशी मोजली. रस्ता पाण्याखाली, माणसं घरात. अहवालात गेलं, वापर नगण्य. उंच करायच्या रस्त्यांतून तो वगळला गेला.

चूक ध्यानात आल्यावर ती साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "मॅडम, फाइल क्लोज झाली आता." आणि हीसुद्धा गप्प बसली. नोकरी प्यारी, दुसरं काय.

परवा आत्या सुकट घेऊन बदलापूरला आली, तेव्हा तिच्या साडीचा काठ खाऱ्या पाण्याने कडक झाला होता. स्वप्नाली आत चहा करत होती. बाहेर आत्या शेजारणीला सांगत होती, "आमचा रस्ता आता उंच होणार गं. दुसऱ्या कुणी नाही, आमच्या पोरीने मोजलाय."