रिकाम्या गॅरेजमधलं फूल

माझ्या साडूंच्या मते जगात जमीन दोनच प्रकारची असते: रंगवलेली आणि रंगवायची राहिलेली. भिंतींकडे ते बघतही नाहीत. भिंत काय, कुणीही रंगवतो, म्हणतात. जव्हारजवळच्या शिरपामाळावर फिरायला गेलो तेव्हा बाकीचे लोक दरी बघत होते आणि हे फरशीवर उकिडवे बसून सांधे तपासत होते. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी माझा हात दाबला. मला वाटलं, गहिवरले. त्यांना मांडवाखालच्या कोब्याला गेलेली भेग दाखवायची होती. मोखाड्याच्या त्यांच्या घरात ओटीपासून न्हाणीपर्यंत वेली आणि कमळं पसरली आहेत, आणि त्यांतलं एखादं कमळ नेहमी ओलं असतं. ते कुठलं, हे पाहुण्याला बसल्यावर कळतं. माझ्याकडे एक विजार आहे, मागून निळी. ती मी आता घरातच घालतो.

गेल्या हिवाळ्यात ते दोन डबे आणि एक रोलर घेऊन एसटीने जव्हारला माझ्याकडे आले आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, "साडूबुवा, गॅरेज रिकामंच आहे ना?"

रिकामंच होतं. माझी बायको रोज गाडी चालवत मोखाड्याच्या शाळेत शिकवायला जायची. मी ग्रंथालयातला माणूस. गाडीत बसलो तर शेजारी, तेही पुस्तक उघडून. ती गेली आणि गाडी मी भाच्याला देऊन टाकली, कारण क्लच आणि ब्रेक यांतला फरक मला केवळ वाचून माहीत आहे. मागे राहिला कोब्यावरचा ताटाएवढा काळा डाग. तिची गाडी वर्षानुवर्षं तिथे ऑइल गाळत उभी असायची. दुपारी मी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून वाचत बसायचो. पान बरेचदा कालचंच असायचं.

साडूंनी कामं वाटली. ते चित्र काढणार, मी डब्यावरच्या सूचना वाचणार. चष्मा आणायचा राहिला होता म्हणे. मी वाचू लागलो: फरशी घासावी, धुवावी, वाळू द्यावी. पुढची ओळ होती, तेलाचे डाग पूर्णपणे काढावेत, अन्यथा रंग धरणार नाही. जन्मभर छापील मजकुरावर विश्वास ठेवलेल्या माणसाने ती ओळ गाळली आणि पुढची वाचली. आवाज जरा जास्तच खणखणीत लागला.

मग तळाचा रंग माझ्याकडे आला. मी दारापासून सुरुवात केली आणि मोठ्या निष्ठेने मागे मागे सरकत गेलो. पाठ भिंतीला टेकली तेव्हा पाहिलं, तर माझ्या आणि दाराच्या मध्ये सगळा ओला रंग. घरकामाला येणाऱ्या पोशेरा गावच्या जनीबाई दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काका, यवढी पुस्तका वाचलीव, बाहेर कसा यायचा ता कुठं लिवला नव्हता काय?"

"हलू नका," साडू म्हणाले. "चार तास."

जनीबाईंनी बांबूच्या टोकाला पिशवी अडकवून मला चहाचा थर्मास पोचवला. साडू उंबऱ्यावर बसून राहिले आणि चार तास मला निरनिराळ्या जमिनींविषयी सांगत होते. बायको गेल्यापासून माझ्याशी सलग इतका वेळ कुणी बोललं नव्हतं. अर्थात, मी पळूही शकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी फूल. पाकळ्या आखायला मधोमध दोरी धरण्याचं काम माझं. मी ती नीट धरली, फक्त एकदा खिशातलं पुस्तक काढायला हात बदलला. सात पाकळ्या सारख्या आल्या, आठवी गरगरीत. साडू मान तिरकी करून म्हणाले, "असू दे. एखादी असते खात्यापित्या घरची."

महिन्याभरात फुलाच्या मध्यावरचा रंग उडाला. बरोबर ताटाएवढा. साडू आले, जव्हारच्या धुक्याला नावं ठेवून रंग लावून गेले. पुन्हा उडाला. या वेळी दोष कंपनीचा. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी एक पोपडा नखाने उचकटून हातात घेतला. मग म्हणाले, "माझा हात गेला आता, साडूबुवा. डबे देऊन टाकतो कुणाला तरी."

माझ्या एका ओळीपायी हा माणूस रंग सोडणार होता. मी सगळं सांगून टाकलं, शाळेतल्या मुलासारखं, खाली बघत.

"ताईंच्या गाडीचा डाग," ते म्हणाले. "चाळीस वर्षं जमिनीकडेच बघतोय मी. मला दिसला नसेल?"

"मग काढला का नाहीत?"

"तुम्हाला काढायचा नव्हता. आणि मला जमीन उघडी बघवत नाही. दोघांचंही मन राहिलं."

"आणि हात गेला म्हणालात ते?"

"ते असंच. तीन महिने झाले, तुम्ही काही बोलेनात." त्यांनी बाह्या सरसावल्या. "चला, पाणी आणा."

मी बादली आणली. पोपडे खरवडले, खाली डाग होता तसाच होता. पाकळ्यांना साडूंनी दाट रंग दिला, त्या गरगरीत पाकळीलासुद्धा. मध्यावर आले तेव्हा मात्र थांबले, डब्यात टर्पेंटाइन ओतलं, आणखी थोडं ओतलं, आणि माझ्याकडे न बघता रंग खालचं दिसेल इतका पातळ करत राहिले.