फसलेल्या कामांचं कपाट

कपाटताईंच्या घरात नवऱ्याच्या मोज्यांनासुद्धा दोन खण होते: एक जोडीवाल्यांचा, एक विधुरांचा. नवरा शिंपी, स्वभावाने गरीब. सकाळी विधुरांतले दोन काढायचा, त्यांचं आपसात लग्न लावायचा आणि दुकानात जायचा. ताईंची नोकरीही हीच होती. देशोदेशी विहिरी खणणारी, शाळा बांधणारी, कोंबड्या वाटणारी एक मोठी संस्था होती. तिथला प्रत्येक अहवाल जागच्या जागी लावायचा आणि मागेल त्याला काढून द्यायचा. नाव भारदस्त, ज्ञानकेंद्र. खोली एकच, पण खिडकीची.

अहवाल वाचून वाचून ताईंना एक कळून चुकलं होतं, की जगात कुठलंच काम फसत नाही. सगळीच यशस्वी. आणि तरी एका देशातली चूक पुढच्या वर्षी दुसऱ्या देशात अगदी तश्शी व्हायची. ताईंना याचं खरंच वाईट वाटायचं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचा ठेचलेला अंगठा बुटात लपवून नाचत जाणार, मग मागचा शहाणा होणार कसा? म्हणून त्यांनी एक रिकामं कपाट पुसलं आणि वर चिठ्ठी डकवली: 'फसलेली कामं'. यात जे येईल ते सगळ्या देशांना कळवायचं, असं ठरलं.

साहेब म्हणाले, "छान आहे. पण पैसे देणारे पाहुणे यायच्या आत भरा. रिकामं दिसलं तर ही खोली चहाला घेतो."

ताई टेबलाटेबलावर फिरल्या. "एखादं अपयश द्या हो!" सगळ्यांनी हात वर केले. शेवटी तावडीत सापडले ते कोंबडीवाले. त्यांनी डोंगरातल्या गावांत कोंबड्या वाटल्या होत्या.

"शंभर टक्के वाटप!" ते म्हणाले.

"आता किती उरल्यात?"

"वाटपानंतरचं आमच्याकडे येत नाही, ताई."

"मग कोल्ह्यांकडे जातं का?"

त्यांनी आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "खुराडी द्यायची राहिली. माझं नाव तेवढं घालू नका."

पाहुणे कोल्ह्यांचा अहवाल वाचून, 'काय हा प्रामाणिकपणा!' म्हणत बेहद्द खूश झाले. झालं! साहेबांनी फर्मान काढलं, प्रत्येक विभागाने दर महिन्याला पाच अपयशं जमा करावीत. कालपर्यंत ज्यांना ठेच ठाऊक नव्हती ते लंगडत येऊ लागले. शाळावाले विचारायचे, "छप्पर गळतं एवढं चालेल, की अख्खी शाळा पाडू?" कपाट ओसंडून वाहू लागलं. साहेबांनी ताईंना नवी खुर्ची दिली.

एका दुपारी विहीरवाला रडवेला होऊन आला.

"ताई, माझ्या विहिरीला पाणी लागलं हो!"

"अरे वा!"

"वा काय, ताई? अपयश कमी पडतंय. हिला कोरडी म्हणून लिहू का?"

"आणि ते वाचून दुसऱ्या देशातल्यांनी अशा चांगल्या जागी खणायचं सोडलं म्हणजे? खरी कोरडी नाही का एखादी?"

"दोन आहेत की. पण त्या केव्हाच यशस्वी म्हणून पाठवल्यात."

ताईंना आधी हसू आलं, मग संताप आला, आणि तो स्वतःचाच. खोट्याला आपण फक्त खण बदलून दिला होता. त्यांनी तिथल्या तिथे कपाट उपसलं आणि खोटी अपयशं ज्याची त्याला परत केली. आत राहिले कोल्हे, आणि विहीरवाल्याकडून खरं काय ते लिहून घेतलेल्या त्या दोन कोरड्या विहिरी. तेवढंच देशोदेशी कळवलं.

साहेबांनी रिकामे खण पाहिले आणि ते शब्दाला जागले. खिडकीपाशी चहाचं मशीन आलं, ताई कपाटासकट जिन्याखाली गेल्या. त्या दिवशी त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं.

पुढे काही आठवड्यांनी जिन्याखाली फोन वाजला. दूरच्या कुठल्याशा देशातून विहीर खणणारे बोलत होते. "तुमच्या त्या दोन विहिरी कोरड्या का गेल्या?"

वर चहाला गर्दी उसळली होती, कपबशांचा नुसता खणखणाट. ताईंनी दुसऱ्या कानात बोट घातलं आणि ओरडून सांगितलं, "खाली काळा खडक लागला होता! सगळ्यांना दिसत होता! तरी आम्ही खणतच राहिलो!"

पलीकडून आवाज आला, "ताई, जरा थांबा हं. आमचं खणायचं मशीन बंद करायला सांगतो."