शिवराकाच्या दिवसाची गोळी

बकुळा एकाहत्तर वर्षांची. त्यातली पन्नास वर्षं तिनं रत्नागिरीच्या मासळीबाजारात पाटीमागे बसून काढलेली, आणि तिच्याशी घासाघीस करून जिंकलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. अशा बाईला इस्पितळाच्या खाटेवर बसवून मोठे डॉक्टर तिच्या मुलाला सांगत होते, "आजी गोळ्या घेत नाहीत. हृदय अशक्त झालंय, वर्षात तिसऱ्यांदा छातीत पाणी साठलं. बाजार बंद करा त्यांचा."

आजी समोरच होती की! पण विचारायचं ते सूरजला, सांगायचं ते सूरजला. बकुळाच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि सूरज नंदीबैलासारखा मान डोलवत होता. डॉक्टर गेल्यावर म्हणतो, "आये, बाजारातली तुझी जागा मी शेजारच्या पाटीवाल्या तुळसाला देऊन टाकलीय. आता घरात बसायचं."

बोलायला धाप लागत होती म्हणून ती गप्प बसली, नाहीतर दोघांची सालटी काढली असती.

मग शमिका आली, नवी डॉक्टरीण. तिनं सुजलेल्या नडगीवर बोट दाबलं, तिथं खळगा पडला. स्टूल ओढून ती समोर बसली.

"आजी, या वर्षात तुम्हाला बरं कधी वाटलं?"

"श्रावणात. गणपती गेले नि पाय सुजले."

शमिकानं गोळ्यांचा डबा उघडला. बाकी सगळ्या पट्ट्या संपत आलेल्या, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी तेवढी ढीगभर शिल्लक.

"ही कधी घेता?"

"सोमवार, गुरुवार, शनवार. शिवराकाच्या दिवशी. लोक मासे खात नाय, मी घरात असते. श्रावणात रोज घेतली."

"आणि बाजाराच्या दिवशी?"

बकुळाचा बांध फुटला. "त्या दिवशी बाजार कोन करनार, तू? गोळी घेतली की दुपारपर्यंत सात वेळा उठायचं. पाटी कोनाच्या भरवशावर सोडू? मांजरी टपून बसल्यात! चिठ्ठीवर सकाळी लिवलंय, मग टळली की टळली!"

"बाजारातून आल्यावर घ्या, आजी. दुपारी तीनला. चालते." शमिकानं चिठ्ठीवर वेळ बदलली. "मात्र रोज. आणि खारा बांगडा बंद. सूज उतरली, तपासणी नीट आली, की बाजाराचं बघू."

बकुळाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात तिडीक गेली. तीन वेळा सुया, तीन वेळा नळ्या, वर ऐकून घेतलेली बोलणी. आणि एवढंसंच होतं!

"मग इतके दिवस मना कोनी इचारलान का नाय?"

"चुकलं आमचं," शमिका म्हणाली.

बकुळा सूरजकडे वळली. "तूपन नाय इचारलंस. पोटचा पोर ना तू?"

सूरजनं उगाच खिशातला फोन काढला.

"लाव फोन तुळसाला. सांग, जागा माझी हाय, आनि मी अजून जित्ती हाय. बसायचं असंल तर मना येऊन इचार म्हनावं."