सैल बेल्ट

माझा थोरला भाऊ चष्म्याची भिंगं घासायचा. अडतीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच यंत्रापुढे. पाव नंबरचा फरक त्याच्या नुसत्या बोटाला कळतो, असं त्याचे साहेब सांगायचे. त्या माणसानं आयुष्यभर एक गोष्ट चुकीची ऐकली आणि ती मी त्याला ऐकू दिली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी चांगला वाटलो तर फसू नका.

दादाला बेस गिटारचं वेड लागलं ते एका बँडमुळे. चौघांचा बँड. सगळ्यांना त्यातला गाणारा आवडायचा. दादाला मात्र मागे कडेला उभा राहून चार जाड तारा वाजवणारा. "तो थांबला की गाणं खाली बसतं," म्हणायचा. आम्हाला काही बसलेलं कळायचं नाही. वर्षभर ओव्हरटाइम करून त्यानं एक जुनी बेस गिटार आणली आणि शेजाऱ्यांनी त्याचं नाव ढुमढुम ठेवलं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिले दोन दिवस तिला वाटलं, आतल्या खोलीत कोणी गाद्या झोडपतंय.

शिकवणारं कोणी नव्हतं. माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक परत न्यायला आलंच नाही असं एक मशीन पडून होतं, ते मी त्याला दिलं. त्याचा बेल्ट, म्हणजे कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा, सैल होता. त्यामुळे कॅसेट जरा हळू फिरायची आणि गाणी जरा खालच्या सुरात यायची. फार नाही, थोडीच. दादानं त्या आवाजाला तारा जुळवल्या. रोज कामावरून आला, हातपाय धुतले, चहा घेतला की त्या चौघांबरोबर वाजवायला बसायचा.

दोनेक वर्षांनी मी एकदा त्याला न सांगता नवा बेल्ट घातला. संध्याकाळी स्वारी मशीन काखेत मारून दुकानात हजर. काय केलंस याला, चिरकतंय, गाडी सुटत असल्यासारखे गातायत सगळे. मी हसत हसत जुना बेल्ट परत बसवला. खरा आवाज कुठला, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तो इतका खूश होऊन गेला, की म्हटलं असू दे, कोणाचं काय बिघडतंय. पुढे कुणाच्या घरी किंवा रेडिओवर ती गाणी लागली की दादा मान हलवायचा. लोकांची मशीनं पळतात, म्हणायचा. आणि मी, दुरुस्तीवाला, गालातल्या गालात हसायचो. नंतर तो बेल्ट तीनदा तुटला. तिन्ही वेळा मी डबे धुंडाळून बरोबर तेवढाच सैल बेल्ट शोधला. त्याचा मला अभिमानसुद्धा वाटायचा, मूर्खासारखा.

दादाला वाजवायची बोलावणी येत. तो जायचा नाही. माझा बँड आहे की, म्हणायचा.

तो रिटायर झाला त्याच वर्षी त्या बँडचा बेसवाला वारला. आठवडाभर दादानं गिटारला हात लावला नाही. मग बातमी आली की उरलेले तिघे शेवटचा दौरा करणार, आणि प्रत्येक गावात गेलेल्या माणसाचं एक गाणं तिथला कोणी हौशी वाजवणार. नाव चिठ्ठी टाकून काढणार. दादाची चिठ्ठी निघाली. त्या दिवशी तो साठीचा माणूस जिन्यात दोन-दोन पायऱ्या चढला.

मला बेल्ट आठवला. नाही आठवला असं म्हणणार नाही. पण वाटलं, तिथे सगळी यंत्रं असतात, ते जुळवून घेतील. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आवाज तपासायला दादा एकटाच स्टेजवर होता. ते तिघे जेवायला गेले होते. साउंडवाल्यानं तारा जुळवायचं यंत्र पुढे केलं. दादानं नम्रपणे नको म्हटलं. घरी मशीनवर जुळवून आणलंय, पस्तीस वर्षं त्यांच्याच सुरात वाजवतोय. मी खाली पहिल्या रांगेत बसलो होतो. तोंड शिवल्यासारखा.

संध्याकाळी पहिल्याच ठोक्याला गिटारवाल्यानं वळून पाहिलं. दादानं तारांवरची बोटं एक घर वर, वरच्या सुराकडे सरकवली; तरी जुळेना, कारण फरक पुरा एका घराचा नव्हताच. त्यानं एका हातानं खुंटी पिळायला घेतली, तोवर गाणं पुढे निघून गेलं. मग साउंडवाल्यानं त्याचा आवाज बंद केला. दादाच्या पायाखालची फळी हलायची थांबली असणार, कारण त्यानं खाली पाहिलं. तरी तो शेवटपर्यंत वाजवत राहिला. बोटं अगदी बरोबर पडत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीचे डोळे भरले होते. "ऐकलंत ना, भाऊजी?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

घरी परतताना वहिनी पुढे चालत होती. दादा माझ्या बाजूला आला.

"माझं मशीन हळू फिरतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"तुला माहीत होतं."

तुलाच तसं आवडायचं, असं मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण बोललो नसतो तर बरं झालं असतं. त्यावर तो रागावलासुद्धा नाही. रागावला असता तर मी जगलो असतो.

दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन दुकानात आला आणि इतर गिऱ्हाइकांसारखा काउंटरच्या बाहेर उभा राहिला. नवा बेल्ट घाल म्हणाला. मी घातला. दहा मिनिटांचं काम. वाजवून दाखवू लागलो तर त्यानं हात वर केला. राहू दे, नंतर नेतो, म्हणाला आणि गेला.

त्याला पाच महिने झाले. मशीन वरच्या फळीवर आहे, चिठ्ठीवर दादाचं नाव घातलंय. परवा वहिनी आली होती. घर फार गप्प झालंय म्हणाली, गिटार कपाटामागे गेलीय, हे दिवसभर खिडकीत बसतात. मग तिनं हळूच विचारलं, "भाऊजी, मशीन झालं का?"

मी म्हणालो, पार्ट मिळत नाहीये.